साडूचं पाच पॉइंट दोन

२ मार्च, रविवार

पाच पॉइंट दोन! फरश्या विकणाऱ्या माणसाचा प्रोसेसर पाच पॉइंट दोन गिगाहर्ट्‌झला चालतो आणि माझा चार पॉइंट नऊच्या वर गेला की मान टाकतो.

दुपारी मेव्हणीकडे जेवायला गेलो होतो. हात धुवून बसतोय तोवर साडूनं आत नेलं. "दादा, बघा तरी." पडद्यावर आकडा. खाली चाचणीचा हिरवा पट्टा. चोवीस तास, चूक शून्य. मी "छान" म्हणालो. घास मात्र नंतर गोड लागला नाही.

कॉलेजच्या लॅबमध्ये साठ संगणक सांभाळतो मी. चौदा वर्षं. ह्याचं मशीनसुद्धा मीच जोडून दिलंय, तेही माझं पाहून घेतलं म्हणून! दोघांचे प्रोसेसर एका दुकानातून, एकाच दिवशी. काउंटरवर दोन सारखी खोकी होती. हा म्हणाला, "दादा, तुम्ही घ्या आधी." मी मोठेपणानं डावीकडचं उचललं.

डावीकडचं!

३ मार्च

लेकीनं आजपासून फिल्मचं काम मशीनवर लावलं. तीन मिनिटांची फिल्म, पण चित्रं चार हजार तीनशे वीस. एकेक चित्र रंगवायला मशीन पाच मिनिटं घेतं. रात्रंदिवस चालू ठेवलं तर पंधरा दिवस. एकतीस मार्चच्या आत फिल्म पाठवायची, तरच अॅनिमेशनच्या कोर्सला विचार होणार. वीस जागा आहेत. दोन वर्षं पोरगी याच एका गोष्टीच्या मागे आहे.

रोज संध्याकाळी अभ्यासाला म्हणून मावशीकडे जायची, ते आता थांबेल. बरं झालं.

५ मार्च

साडूला फोन केला. सहज म्हणून. किती व्होल्टवर चालवतोस, विचारलं. तर हसायला लागला. म्हणे, "असेल एक पॉइंट काहीतरी. बघावं लागेल दादा." बघावं लागेल! महिनाभर खपून बसवलेला आकडा माणूस विसरतो होय? सांगायचं नाही, एवढंच. मी याला स्क्रू कुठला कुठे लागतो ते शिकवलं आणि हा माझ्यापासून व्होल्ट लपवतो.

७ मार्च, शुक्रवार

आज जे केलं ते करायला नको होतं. लिहून ठेवतो.

मशीन कंपनीनं ठरवलेल्या वेगापेक्षा जास्त कसं पळवायचं, असं कुणीही विचारलं तर मी काय सांगतो? एक पायरी चढायची. चाचणी लावायची. तापमान पंच्याऐंशीच्या आत हवं. चूक आली तर व्होल्टेज कणभर वाढवा, नाहीतर खाली या. आणि चोवीस तास चालल्याशिवाय मशीनला स्थिर म्हणू नका. लॅबमधल्या सगळ्यांना हे पाठ आहे, घरातल्यांनाही.

आणि मी? लेक क्लासला गेलेली, तिची चित्रं रंगत होती. त्या चालू कामातच दोन पायऱ्या एकदम चढवल्या. पाच पॉइंट एक. नऊ मिनिटं चाललं. मग पडदा निळा, मशीन ठप्प.

ती येईपर्यंत पुन्हा सुरू करून ठेवलं. वीज गेली होती म्हणालो. तिनं भिंतीवरच्या विजेच्या घड्याळाकडे पाहिलं, ते चुकलेलं नव्हतं, मग माझ्याकडे.

९ मार्च, रविवार

पुन्हा निळा. या वेळी सकाळी मी बाजारात गेलो असताना, त्यामुळे तीन तास कुणाला पत्ताच नाही. पाच पॉइंट शून्यवर होतं, जास्त नाही. काल सहा तास व्यवस्थित चाललं होतं!

लेकीनं तारा काढल्या, डिस्क काढून पिशवीत घातली. "बाबा, मी मावशीकडे नेते. काकाचं मशीन अडत नाही."

अडत नाही. तिचे शब्द.

१० मार्च

टेबलावर धुळीत कोरा चौकोन राहिलाय, डिस्क होती तिथे.

बायकोला म्हणालो, आपलं मशीन असताना पोरीनं दुसऱ्याच्या दारी जायचं? ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "दुसऱ्याच्या म्हणजे माझ्या बहिणीच्याच ना? तिथे ती हसते तरी." इथे रडत होती का? विचारलं नाही. उत्तर ऐकायची इच्छा नव्हती.

त्यांना मूल नाही. म्हणून काय माझं न्यायचं? — हे वाक्य खोडणार होतो. राहू दे. इथे खोटं लिहायचं तर मग कुठे खरं लिहू?

११ मार्च

साडूचा निरोप : "दादा, एका दिवसात दोनशे नव्वद चित्रं!" पुढे अंगठा.

अंगाचा तिळपापड झाला.

१२ मार्च

लॅबमध्ये दिवसभर एकच विचार. एकाच कारखान्यातून, एकाच साच्यातून निघालेल्या दोन प्रोसेसर-चिपा सारख्या नसतात, हे मला माहीत आहे. एक निवांत धावते, एकीला थोड्या चढावर धाप लागते. नशीब. कुणाची कर्तबगारी नाही त्यात! मग लोक याला हुशार का म्हणणार? उजवीकडचं खोकं मिळालं म्हणून?

आणि ते खोकं खरं तर माझं होतं. मोठेपणा आडवा आला.

१५ मार्च, शनिवार

साडूचा फोन. मशीन अठ्ठ्याऐंशीपर्यंत तापतंय, ऊन वाढलं. प्रोसेसरवरची उष्णता ओढून घेणारी पेस्ट वाळली असेल, बदलून द्याल का? "तीच म्हणाली, त्यात बाबांचा हात चांगला आहे, बाबांनाच सांगा."

बाबांनाच सांगा! दोन मिनिटं फार बरं वाटलं. खरंच.

उद्या तो आणि मेव्हणी कुणाला तरी भेटायला जाणार आहेत आणि लेक दुपारी क्लासला. किल्ली शेजारी ठेवतो म्हणाला.

१६ मार्च, रविवार

केलं.

माझी चिप रुमालात गुंडाळून नेली होती. म्हणजे घरातून निघतानाच ठरलेलं होतं, तिथे जाऊन मोह झाला असं नाही. काम थांबवलं, सेटिंगच्या सगळ्या पानांचे मोबाइलवर फोटो घेतले. पंखा काढला, पेस्ट पुसली. त्याची चिप बाहेर, माझी आत. दिसायला हुबेहूब.

सुरू केल्यावर मशीननं ओळखलं. नवा प्रोसेसर दिसतोय, जुनी सेटिंग पुसली, असा संदेश. मग फोटो बघून एकेक आकडा परत भरला. काय बारीक काम केलंय! साडूनं व्होल्टेज इतकं खाली आणलं होतं, की मी घाबरलोच असतो. चिपेतल्या प्रत्येक कोअरला, म्हणजे हिशेब करणाऱ्या प्रत्येक भागाला, वेगळं. असं माणूस एका बैठकीत करत नाही. वाचताना पोटात दुखायला लागलं.

चाचणी दहा मिनिटं. पास. चोवीस तास नाही, दहा मिनिटं. लेक यायची वेळ झाली होती. तिचं काम परत चालू केलं आणि त्याची चिप रुमालात बांधून निघालो.

१७ मार्च

पाच पॉइंट दोन!! माझ्या टेबलावर! सहा तास, एकही चूक नाही, तापमान एक्याऐंशी.

बायकोला बोलावून दाखवलं. "बरं," म्हणाली आणि कपडे वाळत घालायला गेली. लेक मावशीकडे. साडूला सांगणं शक्य नाही. दाखवायला कुणी नाही.

१९ मार्च, बुधवार

मेव्हणीचा फोन. "भावोजी, जरा गडबड झालीय." लेकीनं चित्रं तपासली तर रविवारपासूनच्या बऱ्याच चित्रांत पांढरे ठिपके, कुठे काळे चौकोन. मशीन बंद पडलं नाही, अडकलं नाही. नुसतं चुकीचं रंगवत बसलं, तीन दिवस. साडेआठशे चित्रं वाया.

हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. ते व्होल्टेज त्याच्या चिपेच्या मापाचं होतं. माझ्या चिपेला ते पुरणारच नाही. ती पडत नाही पण हिशेब चुकते, आणि दहा मिनिटांच्या चाचणीत ते दिसत नाही. लॅबमध्ये कुणी असं केलं असतं तर मी चारचौघांत त्याची कानउघाडणी केली असती.

फोनवर काय म्हणालो? "ऊन वाढलंय ना."

२० मार्च

गेलो. तोंड दाखवणं भाग होतं.

साडूचा चेहरा उतरलेला. "माझीच हाव, दादा. एवढं पळवायला नको होतं." लेक पटकन म्हणाली, "नाही काका, माझंच काहीतरी चुकलं असेल."

बघा! त्याला सांभाळून घेते. माझ्या मशीनवर निळा पडदा आला तेव्हा नाही म्हणाली, बाबा, माझंच चुकलं असेल. डिस्क उचलली आणि चालती झाली. इतका गुन्हा करून बसलोय, तरी त्या एका वाक्यानं मला मिरच्या झोंबल्या. काय माणूस आहे मी.

म्हणालो, घरी चल, आपलं मशीन आता मस्त चालतंय. तिनं मान हलवली. "आधी हे का बिघडलं ते कळू दे."

२२ मार्च, शनिवार

अजून काम सुरू नाही. साडू आणि लेक वेग एक पायरी खाली आणतात, चाचणी लावतात, पाच तासांनी चूक. आणखी एक खाली. पुन्हा चूक. व्होल्टेज वाढवायचं सोडून सगळं करून झालं, कारण व्होल्टेज बरोबरच होतं, चोवीस तास सिद्ध झालेलं! त्यावर कोण संशय घेणार? मला एकट्याला माहीत आहे.

तेराशे ऐंशी चित्रं राहिलीत.

२३ मार्च, रविवार

बायको बहिणीकडून आली ती सरळ माझ्यासमोर बसली. म्हणाली, पोरगी अर्ज पाठवणार नाही म्हणते. चित्रं राहिली म्हणून नाही. तिला वाटतं, तिला यातलं काही येत नाही. "तुम्ही एकदा बोला तिच्याशी. यातलं तुम्हालाच कळतं."

चित्रं रंगवणं मशीनचं काम. त्यात 'मला येत नाही' कुठून आलं? बायकोला विचारलं. ती उठून आत गेली.

हिशेब मांडला. उद्या सुरू केलं तर एकोणतीसला संपतं. परवापर्यंत ओढलं तर तीस. त्यापुढे नाही.

साडूसमोर उभं राहून मी चोर आहे म्हणायचं. फरशीवाल्यासमोर! मेव्हणीला कळणार, सासरच्या सगळ्यांना कळणार. जन्मभर जेवणाच्या पानावर हा विषय निघणार. चिप गुपचूप परत बदलता येईल का, हेही दोन वेळा मनात येऊन गेलं. पण लेक तिथून हलत नाही.

मशीन बंद केलं. चिप काढली, पुसली.

२४ मार्च

साडूला सगळं सांगितलं. चिप त्याच्या हातात ठेवली.

रागावला नाही. घाबरल्यासारखा दिसला. म्हणाला, "दादा, मला यातलं ओ की ठो कळत नाही हो. ते पाच पॉइंट दोन आपल्या पोरीचं आहे. महिनाभर रोज संध्याकाळी बसून एकेक आकडा तिनं बसवला. चोवीस तासांची चाचणी झाल्याशिवाय कुणाला सांगायचं नाही म्हणाली, बाबांचा नियम आहे. मग म्हणाली, फिल्म झाली की मीच सांगेन, तोवर तुमचं म्हणून सांगा."

ती आतल्या खोलीत होती. तिलाही सांगितलं. उभ्या उभ्या, काही न गाळता. ती ओरडेल, रडेल, असं वाटत होतं.

"म्हणजे माझे आकडे बरोबर होते?"

हो म्हणालो.