थायाझोलचं कडं आणि साहेबांचा निरोप

तीर्थस्वरूप भाऊजींना साष्टांग नमस्कार.

तुमचा गुडघा आता कसा आहे? ताई म्हणते बरा आहे, पण ताईच्या लेखी सगळ्यांचं सगळं नेहमी बरंच असतं, तेव्हा तुम्ही स्वतः कळवावं. साबणाच्या कारखान्याचं उत्तम चाललं असेलच. आमच्याकडे एक सोडून सगळे खुशाल. तो एक म्हणजे मी.

मी प्रयोगशाळेचा प्रमुख झालो, असं ताईनं तुमच्याकडे सगळ्यांना सांगून टाकलंय. मी झालेलो नाही. कसा झालो नाही ते सविस्तर लिहितो, म्हणजे तिला समजावताना तुमची पंचाईत होणार नाही.

आम्ही सध्या औषधवाल्यांसाठी थायाझोल बनवतो. थायाझोल म्हणजे पाच अणूंचं कडं: तीन कार्बन, एक नायट्रोजन, एक गंधक. ते बांधायच्या रीती पुष्कळ, पण मला जुनीच पसंत आहे. एका बाजूनं थायोयुरिया येतो, तो गंधक, नायट्रोजन आणि एक कार्बन घरूनच घेऊन येतो. उरलेले दोन कार्बन फेनासिल ब्रोमाइड देतं. दोघांना स्पिरिटमध्ये गरम केलं की कडं मिटतं. (पुस्तकात याला दोन तास लिहिलेत. अर्ध्या तासात होतं. मी कॉलेजात गेलेलो नाही, रद्दीतली पुस्तकं आणून शिकलो, पण पुस्तकाचं सगळंच ऐकलं पाहिजे असं नाही.) फेनासिल ब्रोमाइडचा दुर्गुण एकच: त्याची वाफ डोळ्यांत गेली की माणूस ढसाढसा रडतो. म्हणून ते धूर ओढणाऱ्या कपाटातच ठेवायचं आणि पंखा बंद करायचा नाही. हा नियम मीच मोठ्या अक्षरांत भिंतीवर लावलाय.

आता साहेब, म्हणजे प्रयोगशाळेचे सध्याचे प्रमुख. त्यांनी कुणाला शाबास म्हटल्याचं कुणी ऐकलेलं नाही. स्टोअरकीपर त्यांना पाठीमागे 'तेजाब' म्हणतो. ते निवृत्त होणार आणि त्यांच्या जागी मी येणार, हे सगळे धरून चालले होते (मी जरा जास्तच). निरोपसमारंभ शेजारच्या पॅकिंगच्या खोलीत होता. मी मात्र डोळ्यांवर घट्ट गॉगल लावून कपाटापाशी होतो, कारण ब्रोमाइड ताटलीत वाळत होतं, आणि समारंभ आहे म्हणून माल अर्धवट टाकणाऱ्यांतला मी नव्हे. साहेब भाषणाला उठले. पंख्याच्या घरघरीत मला एक अक्षर ऐकू येईना. माझं नाव आता येणार, असं मनात आलं आणि मी पंखा बंद केला. तरी नीट ऐकू येईना, म्हणून मधलं दारही उघडलं.

पहिल्यांदा टायपिस्टबाई रडल्या. मग पॅकिंगचे सगळे. मग स्टोअरकीपर, तोही हुंदके देऊन. मालकांनी चष्मा काढला. साहेब बोलता बोलता थांबले, त्यांच्याही डोळ्यांना धार लागली. माझा जीव ताटलीत अडकला होता; मी धावत जाऊन पंखा लावून परत येईपर्यंत ते म्हणत होते, "तुम्हाला माझं एवढं वाटतं हे मला माहीत नव्हतं. आता कसा जाऊ?" मालकांनी नाक पुसत त्यांना दोन वर्षं मुदतवाढ दिली. टाळ्या झाल्या. मलाही वाजवाव्या लागल्या. त्या दिवशीच्या मालाची शुद्धता मात्र उत्तम आली, हे नोंदवून ठेवतो.

ताईला नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

आपला,
धाकटा मेहुणा

ता. क. एक विनंती आहे. तुमच्या कारखान्याला अनुभवी सल्लागार हवा, असं साहेबांना लौकर लिहून कळवावं. माझा उल्लेख नको.

ता. क. दुसरा. पाकीट चिकटवणार तोच साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. बसा म्हणाले, हेही पहिल्यांदाच. मग म्हणाले, "वास मी पहिल्या मिनिटालाच ओळखला. पण बायको गेल्यापासून दिवसभर घरी बसायचं माझ्या जिवावर येतं, म्हणून गप्प राहिलो. तुमचं नाव पुढच्याच वाक्यात होतं हो."

मी रुमाल काढून डोळे पुसले. पंखा चालू होता, तेव्हा वाफेचा काही संबंध नव्हता.

वरची विनंती तशीच ठेवा. फक्त पगारात हात आखडता घेऊ नका, आणि काम असं द्या की त्यांना रोज यावंच लागेल.