साबणाच्या चार ओळी

ता. १२ जानेवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

लढाईपायी तुझ्या वर्तमानपत्राची दोनच पानं उरली, तरी आमच्याकडे त्यावर झोंबाझोंबी असते. सैन्य कुठवर आलं ते हे बघतात, साबण कुठे आला ते मी! काल तीन तास रांगेत उभी राहून हात हलवत परत आले. तळमजल्यावरच्या शिवणकाकूंना म्हटलं, तुमची बाई चैन, पेटीभर साबण, आख्खी इमारत धुऊन निघेल. कापडावर खुणा करायला त्या साबणाच्या झिजक्या चिपा जमवतात, त्याच रे! दोघी पोट धरून हसलो.

छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवताना डोळ्यांना जप. माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी धाकटी

ता. ४ जून

ती. दादास,
सा. न. वि. वि.

लढाई संपून वर्ष उलटलं. साबण आता दुकानात पडून असतो, आणि तुमच्या पानावर घरांच्या टंचाईचं रडगाणं. अशा दिवसांत शिवणकाकू खोली सोडून चालल्यात. कारण तुझ्याच वर्तमानपत्रातली त्यांच्या साबणाच्या साठ्याची जुनी बातमी. ती आल्यावर लोकांनी त्यांच्या पेटीचं कुलूप तोडलं होतं. आत निघाल्या चिपा, पण चांगल्या वड्या आधीच हलवल्या असं सगळे म्हणाले, आणि तेव्हापासून त्यांच्याकडे शिवण येईना.

ते कात्रण त्यांनी जपून ठेवलंय. काल मला दाखवलं. बातमी वरच्या मजल्यावरच्या मास्तरांनीच कळवली असणार म्हणून मी दोन वर्षं त्यांच्याशी अबोला धरलाय. तू तिथेच आहेस, नाव शोधून काढ.

उत्तराची वाट बघणारी,
धाकटी

ता. ९ जून

चि. धाकटीस अनेक आशीर्वाद.

नाव शोधायला लांब जावं लागलं नाही. ते माझंच.

लोकांच्या तक्रारींच्या रकान्यात खाली चार ओळींची जागा उरली होती. छपाईवाला डोक्यावर बसलेला, आणि तुझं पत्र माझ्या खिशात. वाचणारे हसतील म्हणून तुझा विनोद जुळवला. चिपांचं वाक्य बसेना, ते गाळलं. मग शेवटची ओळ एका शब्दाने आखूड पडली, तिथे ‘साठेबाज’ घातला. बाये, त्या शब्दाचं वजन मी फक्त रुंदीत मोजलं.

काल संपादकांपुढे उभा राहिलो, दिलगिरी छापा म्हणालो. दोन वर्षांपूर्वीचा साबण आता कोण वाचतो, म्हणाले. तेव्हासारख्या चार ओळी गुपचूप घुसवता येतील, पण चोरून मागितलेल्या माफीची आणखी लाज वाटेल. रविवारी सकाळी येतो. काकूंना मी स्वतः सांगेन, आधी बोलू नकोस.

आशीर्वाद द्यायलाही हात अवघडतोय, तरी घे.
तुझा दादा

ता. १२ जून

ती. दादास,
सा. न. वि. वि.

पत्र वाचून दिवसभर तुला मनातल्या मनात बोल लावले. संध्याकाळी मास्तरांकडे जाऊन माफी मागितली. ते बिचारे म्हणाले, त्यांना वाटलं होतं मला कमी ऐकू येतं.

पण मागच्या पत्रात एक गोष्ट मी गाळली. कुलूप तोडलं तेव्हा मी जिन्यातच उभी होते. पेटीत पहिल्यापासून चिपाच होत्या हे तिथे मला एकटीलाच ठाऊक होतं. एका वाक्याचं काम होतं. पण माझ्या कपाटात साबणाच्या दोन आख्ख्या वड्या होत्या. बोलले असते तर गर्दी माझं कपाट उघडायला वर आली असती. काकूंनी एकदा वर माझ्याकडे पाहिलं, आणि मी कठड्यावरच्या कापडाची घडी करत राहिले.

रविवारी ये, पण आधी माझ्याकडे वर येऊ नकोस. काकू अकरापर्यंत घरी असतात. मी खाली थांबते. तू तुझं सांग, मी माझं सांगेन. त्यांनी दार लावलं तर दोघांच्या तोंडावर लावू देत.

या खेपेला लोभ मागत नाही. तू तेवढा ये.
तुझी धाकटी