नोरा टॅलनची वही आणि सत्तावीस बाद

मंगळवारी सकाळी डून लेरीच्या वाचनालयातील स्थानिक इतिहास विभागाच्या फिओना डेलाहंटी यांनी मला लेखी कळवले, की जुलै १९१८ मध्ये येथील मैदानावर अमेरिकन नौसैनिकांच्या दोन संघांत झालेला सामना बेसबॉलचा होता. युद्धात बुडालेल्या जहाजांवरील खलाशांच्या कुटुंबांसाठी मदत जमवायला तो खेळवला गेला आणि त्याची नोंद मिस नोरा टॅलन यांनी ठेवली. सामन्याचे छापील पत्रकच त्यांना सापडले आहे.

त्यामुळे मी, निवेदिता चारुदत्त हर्डीकर, वय ७२, राहणार डून लेरी, आयर्लंड, माझे २०१९ सालचे मृत्युपत्र रद्द करून हे नवे लिहिते. डोके ठिकाणावर आहे, चष्मा नवा आहे. कोणाचा दबाव नाही. असलाच तर माझा इतरांवर आहे. इंग्रजी प्रत वकील करून घेतील.

१. राहते घर आणि बँकेतले जे उरेल ते माझी एकुलती मुलगी इरावती हिला. ती लेटरकेनीच्या रुग्णालयात डॉक्टर आहे, इथे राहायला येणार नाही, तेव्हा घर विकले तरी हरकत नाही. मात्र जिन्याखालचे कपाट रिकामे करताना तळापर्यंत हात घालावा. मी घातला म्हणून वही मिळाली. हे कलम फोनवर वाचून दाखवले, तेव्हा ती म्हणाली, "ग्रँड, आई. नाउ गो टू बेड." इथे 'ग्रँड' म्हणजे नुसते 'बरं'. दुपारचे तीन वाजले होते. माझ्या हृदयाची झडप बदलल्यापासून ती मला झोपवतच असते.

२. प्रसन्नशी असलेले भांडण. तो आमच्या मराठी मंडळाच्या क्रिकेट संघाचा कप्तान. वहीवर फक्त तारीख, खेळाडूंची आडनावे आणि 'एन. टी.' ही आद्याक्षरे होती. त्याने ती दोन मिनिटे पाहिली आणि निकाल दिला.

"नऊ रकाने म्हणजे नऊ ओव्हर, काकू. पावसामुळे मॅच कापली असणार."

"आणि खेळाडू नऊच?"

"दोघं आले नसतील. आपले तरी कधी अकरा येतात?"

सगळे हसले. गणेशोत्सवाच्या स्मरणिकेत 'डून लेरीचे शतकापूर्वीचे क्रिकेट' असे पानभर छापूनही आले.

मी चौतीस वर्षे पुण्याच्या एका दैनिकात उपसंपादक होते. आकडे स्वतः मोजल्याशिवाय बातमी सोडली नाही. मी बाद मोजले. एका संघाचे सत्तावीस, दुसऱ्याचे चोवीस. एकच गडी तीन-तीनदा बाद.

"सेकंड इनिंग असेल," प्रसन्न म्हणाला.

"आणि तिसरी?"

त्यावर तो चहा टाकायला उठला.

डब्लिनच्या ग्रँड कॅनाल डॉकला नोकरी करणारा जयेश शिकागोत वाढलेला. त्याने उलगडून सांगितले: बेसबॉलमध्ये नऊ डाव, दर डावाला तीन बाद, म्हणून सत्तावीस. नंतर खेळणारा संघ आधीच पुढे असेल तर शेवटचा डाव खेळत नाही, म्हणून चोवीस.

माझ्या मोजणीचा तो कागद चौकटीत बसवून प्रसन्नला द्यावा आणि त्याने तो स्वयंपाकघरात लावावा. माझे पुरणयंत्र त्याची बायको रेवती हिला. "काकू, तुमचंच बरोबर आहे," असे पहिल्या दिवसापासून तीच म्हणत होती. प्रसन्नने कालच चूक कबूल करून मंडळाला दुरुस्ती पाठवली. भांडण इथे मिटले. वारसांनी ते पुढे चालवू नये.

३. वही. जुन्या मृत्युपत्रात ती वाचनालयाला होती. आता नाही. माझी शेजारीण एलीन फॅरल, वय ८८, ही नोरा टॅलनची धाकटी मुलगी; माझे घर पूर्वी तिचे आजोळ होते. "माझ्या आईने अमेरिकनांच्या मॅचचे गुण लिहिले," असे शाळेत म्हणाली, म्हणून बाईंनी तिला खोटारडी ठरवून भिंतीकडे तोंड करून उभे केले. तेव्हापासून गावात कोणी थाप मारली की तिला 'एलीनची गोष्ट' म्हणत. ऐंशी वर्षे.

काल, बुधवारी, मी वही तिच्या हातात दिली. ती आता माझ्या मालमत्तेत नाही. उल्लेख एवढ्यासाठी, की माझ्या पश्चात कोणी मागू नये. आईचे अक्षर तिने ओळखले. फिओनाबाईंचे पत्र तीनदा वाचले, आणि उठून कोट घालू लागली.

"कुठे निघालीस?"

"चर्चला. माझ्या वर्गातल्या तिघीजणी अजून जिवंत आहेत."

४. प्रसन्नला साक्षीदार व्हायचे होते. पण लाभार्थ्याने साक्षीदार म्हणून सही केली तर त्याला दिलेली वस्तू त्याला मिळत नाही, असे वकील सांगतात. चौकट त्याला मिळालीच पाहिजे, म्हणून त्याची सही घेतलेली नाही.

५. माझ्या सर्व पेन्सिली एलीनला, त्याही आजच. शनिवारी, ११ जुलैला, दुपारी दोन वाजता त्याच मैदानावर प्रसन्नचा संघ जयेशच्या ऑफिसातल्या अमेरिकनांशी बेसबॉल खेळेल, समुद्रात अडकलेल्यांना वाचवणाऱ्या लाइफबोटीच्या मदतीसाठी. गुण एलीन लिहील. तिघी वर्गमैत्रिणींना पुढच्या खुर्च्या राखून ठेवल्या आहेत. पाऊस आला तरी नऊच्या नऊ डाव होतील, असे प्रसन्नने लेखी दिले आहे.

सही: निवेदिता चारुदत्त हर्डीकर
डून लेरी, गुरुवार, २ जुलै २०२६

काकूंनी आम्हा दोघांच्या देखत सही केली. मग त्यांच्यासमोर आम्ही केली.
साक्षीदार: जयेश वैशंपायन, माधवी टिकेकर