डाग नसलेली झाडं

प्रिय अहोआई,

काल प्रयोगशाळेत निकाल हातात पडला आणि पहिला फोन तुम्हालाच लावायला निघाले. तुम्हाला जाऊन चार महिने झाले, हे विसरलेच होते बघा. म्हणून हे पत्र. तुमचंच बरोबर होतं, आई! ती झाडं संकरितच होती.

फोपनारचं ते कपाशीचं शेत आठवतं ना? बियाण्यासाठीचं क्रॉसिंग तुमच्या टोळीनं केलं होतं. संध्याकाळी मादी झाडाची कळी सोलून तिचे पुंकेसर काढायचे, सकाळी तिच्यावर नराचं फूल फिरवायचं. ते बी शुद्ध आहे का, हे बघायला आम्ही प्रयोगशाळेतल्यांनी थोडं पेरलं. नराच्या फुलात लाल डाग असतो, तो संकरित झाडाच्या फुलात उतरायला हवा. कितीतरी झाडांत तो नव्हताच. टोळीतल्या बायांनी कळ्या न सोलता तशाच सोडल्या, असं मी ठरवून टाकलं.

तुम्ही एक पान माझ्या हातावर ठेवलंत. "डाग नाही तं काय झालं? पान पाह्य ना बाई! अर्धं मायचं, अर्धं बापाचं. पक्का क्रॉस हाये."

"आई, पुस्तकात तसं नसतं," मी म्हटलं. केवढा तो तोरा! आणि ते पुस्तक वाचायला मला धाडलं कुणी? शनवारा मोहल्ल्यातल्या दोन खोल्यांत माझी तान्ही पोर कडेवर घेऊन "तू कालेजला जा, मी हाये ना" म्हणणाऱ्या तुम्हीच की!

माझ्या शेऱ्यावर बी नाकारलं गेलं. पुढच्या हंगामात तुमच्या टोळीला कुणी बोलावलं नाही. बायांनी जाब विचारला, तेव्हा तुम्ही "माझीच नजर चुकली" म्हणालात. सुनेचं नाव घेतलं नाहीत. घरी येऊन मला गरम भाकरी वाढलीत. अहो, एकदा तरी रागवायचं होतंत!

तुमच्या तेराव्यानंतर त्या झाडांची वाळवून ठेवलेली पानं कपाटातून काढली आणि डीएनए चाचणीला लावली. मादीची एक रेघ असते, नराची एक. कळी नुसती सोडली असती, तर मादीचीच दिसली असती. इथे प्रत्येक पानात दोन्ही होत्या. मग जुन्या नोंदी चाळल्या. नराच्याच ओळीत काही फुलं बिनडागाची होती, म्हणून डाग पुढे उतरलाच नाही; ते कुणी मनावर घेतलं नव्हतं. मीही नाही. तिथेच खुर्चीत बसून रडले.

आई, तुमचे उपकार कुठून मोजू? मला शिकवलंत, आणि माझ्या शिक्षणाचा मार स्वतः खाल्लात.

फोपनारच्या बाया मला अजून मानानं चहा देतात. कमलताई तर परवा म्हणाली, "तुही सासू लई चांगली, पन शेवटी नजरेनं धोका दिला तिले." मी मान खाली घालून चहा प्यायले.

रविवारी जातेय. सगळ्यांना मारुतीच्या पारावर बोलावलंय. वचन देते आई, त्यांच्यासमोर उभी राहून सांगेन की तो शेरा माझा होता. मग चहा दिला नाही तरी चालेल.

तुमची सून,
वैशाली