ह्यांच्या नावाचं डॉट कॉम

४ जानेवारी २००५
सुनेने बँकेची डायरी दिली. चौथीपर्यंतच शिकले, पण अक्षर गुरुजींना आवडायचं. रोज लिहिणार.
आज गिरणीत एक बाई आल्या, तणतणत. त्यांच्या मुलाने अमेरिकेत डॉट कॉमवरून आमच्या चकल्या मागवल्या, त्या मऊ निघाल्या. मोडेचनात, नुसत्या वाकत होत्या म्हणे. म्हटलं, अहो, आमची ही कसबा पेठेतली भाजणीची गिरणी तेवढी. डॉट कॉम धाकट्या दिराचं, बद्रीभाओजींचं, शनिवार पेठेत. वाटण्या झाल्या तेव्हा गिरणी आमच्याकडे आली, डॉट कॉम त्यांच्याकडे. मला वाटलं होतं एखादं यंत्र असेल, नेऊ दे. पण नाव आमच्या ह्यांचं ना! मऊ चकल्या त्यांच्या आणि बोल आमच्या नावाला. बाईंनी भाजणी न घेता दुसरं दुकान गाठलं. महिन्याभरात अशा ह्या तिसऱ्या.
ह्यांना सांगितलं. पेपरमागून म्हणाले, माझं नाव निदान मोडलं तरी नाही.

५ जानेवारी, संध्याकाळ
आनंदीआनंद! नात राजनंदिनी हिंजवडीच्या कंपनीत आहे, तिने बघितलं. भाओजींनी डॉट कॉमची वर्षाची फी भरलीच नाही. ते बंद पडलंय! महिनाअखेरपर्यंत जुन्या मालकाने दंड भरला तर परत त्याचं. नाही तर फेब्रुवारीत सुटतं. मग जो आधी धरेल त्याचं.
म्हणजे स्वारगेटला एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून सीट धरतात, तसंच की. त्यात माझा हात कोण धरणार? महाबळेश्वरच्या गाडीत एका रुमालावर पाच जणं बसवलीत मी.
नंदिनी म्हणाली, आजी, रुमाल मी कॉम्प्युटरवरून टाकून ठेवते, तू फक्त गप्प बस. भाओजींना कळता कामा नये.
गप्प बसणं काय अवघड आहे?

६ जानेवारी
नंदिनीने नाव इंग्रजीत टाइप केलं, म्हणाली वाचून बघ, बरोबर आहे ना? मी कशी वाचू? ह्यांचं नाव मी तोंडाने घेत नाही. लग्नाला बावन्न वर्षं झाली, घेतलं ते फक्त उखाण्यात. मान हलवली. ती हसली. आजकालच्या मुली नवऱ्याला अरे शंभू, अरे महिपती. असो.

९ जानेवारी
कोणाला सांगितलं नाही. फक्त शेजारच्या सत्यशीलाबाईंना, पण त्या घरच्याच. आणि फुलवालीला, पण तिला डॉट कॉम कुठे कळतंय.
आजपासून पूर्ण गप्प.

१४ जानेवारी, संक्रांत
हलव्याला काटा छान आला. अमेरिकेला भाजणी पाठवायच्या पिशव्या बघून ठेवल्या. लाल रंगाच्या.
हळदीकुंकू एकवीसला ठरवलंय. सून म्हणते, जयाला, म्हणजे बद्रीभाओजींच्या बायकोला, बोलवायचं का? बोलवायलाच हवं. वर्षभर बोलणं नसलं तरी संक्रांतीला गोड बोलायचं असतं. मी काय घाबरते?

२१ जानेवारी
हळदीकुंकू झोकात. वाणाला स्टीलच्या गाळण्या लुटल्या. सगळ्या मागे लागल्या, आजी उखाणा, आजी उखाणा. नको नको म्हटलं दोनदा. तिसऱ्यांदा किती ताणायचं? आयत्या वेळी सुचला, आणि काय सुचला!

तिळाच्या लाडवाला गूळ घातला चिक्कीचा,
सीतारामरावांचा डॉट कॉम फेब्रुवारीत होणार हक्काचा!

टाळ्या थांबेनात. नंदिनीने मात्र कपाळाला हात लावला. पोरीला दृष्ट लागली असावी, मीठमोहरी ओवाळली.
जया कोपऱ्यात होती. तिला डाव्या कानाने कमी ऐकू येतं, आणि मी डावीकडेच होते. वाण न घेताच उठली. गॅसवर दूध ठेवलं असेल.

२५ जानेवारी
नंदिनी रागावलीये. म्हणाली, आजी, उखाण्यात महिनासुद्धा सांगितलास? म्हटलं, अगं, यमक बसवायला काहीतरी लागतंच.
ह्यांना उखाणा ऐकायचा होता. परत घ्यायला लाज वाटली. तरी घेतला. म्हणाले, रुमाल टाकलास तो ठीक, पण कंडक्टरला हाक मारून कशाला टाकलास?
काही कळत नाही ह्यांना.

१ फेब्रुवारी
सकाळी आंघोळ करून, नवं लुगडं नेसून कॉम्प्युटरसमोर बसले. पेढे आणून ठेवले होते. नंदिनीने बघितलं. बराच वेळ बघितलं.
भाओजींनी बावीस तारखेलाच दंड भरला. एकदम दहा वर्षांची फी भरून ठेवलीये.
त्यांना मीच आठवण केली म्हणायची. नाही तर ह्यांचं नाव भलत्याच माणसाच्या हाती पडलं असतं. एका अर्थी ते मीच वाचवलं. दहा वर्षांनी सुटेल, तेव्हा मी ऐंशीची. तोवर पूर्ण गप्प.
डॉट कॉमवर नवी पाटी आहे. नंदिनी दाखवत नव्हती, मी वाचलीच. ‘आमची कसबा पेठेत शाखा नाही.’

२ फेब्रुवारी
दुपारी जया आली. वाण राहिलं होतं म्हणाली. गाळणी दिली. वर पेढे दिले, आणलेच होते.
जाताना दारात वळून म्हणाली, जाऊबाई, उखाणा फार छान घेतलात हो. आमच्या ह्यांचा तोंडपाठ झालाय.