चालणारी बाई

मस्तगड, जालना
२० नोव्हेंबर

प्रिय जान्हवी,

पत्र पाहून दचकू नकोस. रोज संध्याकाळी व्हिडिओवर दिसते तेवढी मी बरी आहे. पण फोन तुझ्या बाबांच्या हातात असतो. तेच लावतात, तेच माझ्यासमोर धरतात, आणि तू काय विचारतेस, मी काय सांगते, ते सगळं त्यांना ऐकू येतं. काही गोष्टी त्यांच्यादेखत बोलता येत नाहीत. आत्ता स्वयंपाक आटोपून उषाबाई त्यांना दाढी करायला कोपऱ्यावरच्या दुकानात घेऊन गेल्यात. 'घेऊन गेल्यात' हे मी चुकून लिहिलेलं नाही. तासभर तरी हाताशी आहे. बोटं आखडतात, अक्षर तिरकं जाईल, समजून घे.

तू ऑफिसात सगळ्यांना सांगतेस म्हणे, की आमच्या आईनं बासष्टाव्या वर्षी व्यायाम सुरू केला. तुझ्या आवाजातला तो आनंद ऐकला की मला अपराध्यासारखं होतं. आमवाताला यंदा एकोणीस वर्षं झाली. तू दहावीत होतीस तेव्हापासून मला सकाळी उठवून बसवणं, वेणी घालणं, ब्लाऊजचे हूक लावणं, डब्यांची झाकणं उघडून ठेवणं, सगळं बाबांनीच केलं. पाटबंधारे खात्यात होते तोवर साडेनऊपर्यंत माझं आवरून देऊनच स्कूटरला किक मारायचे. आणि मामाच्या शीतलच्या लग्नानंतर तर मी उंबरा ओलांडायचंच सोडलं. मंगलाष्टकं चालू होती, गुडघ्यानं दगा दिला आणि केसांत अक्षता घेऊन मी भर मांडवात खाली बसले. चौघांनी धरून उचललं. कुणी हसलं नाही, तेच जास्त लागलं. त्याला अकरा वर्षं झाली. दवाखाना सोडला तर मी कुठं गेले नाही. 'मला न्हाई जमणार' हे मी इतक्यांदा म्हटलं, की मला विचारायचंही लोकांनी सोडून दिलं.

मग एप्रिलमध्ये तो गोळ्यांचा घोळ झाला. आठवड्यातून एकदाच, शनिवारी घ्यायची गोळी माझ्या पोटात ओळीनं पाच दिवस गेली. तोंड आतून सोलून निघालं, ताप चढला, रक्तातल्या पांढऱ्या पेशी उतरल्या. डॉक्टर म्हणाले, आणखी दोन-तीन दिवस गेले असते तर हाताबाहेर गेलं असतं. तू फोनवर रडत रडत रागावलीस, "आई, इतकी कशी गं बेफिकीर?" मी ऐकून घेतलं. दवाखान्यातून सुटताना मी स्वतःहून विचारलं, की माझ्या हातापायांत थोडी ताकद आणता येईल का. सगळ्यांना वाटलं, मरणाला भ्याली म्हणून शहाणी झाली.

फिजिओथेरपीवाली अर्पिता तुझ्यापेक्षाही लहान आहे. तिनं मला पहिल्याच दिवशी सांगितलं, "काकू, दुसऱ्या दिवशी सकाळी दुखणं वाढलं तर आदल्या दिवसाच्या निम्मं करायचं. पण बंद करायचं नाही." सुरुवातीला फक्त कोमट पाण्यात बोटं उघडमीट करायची आणि ओट्याला धरून दहा वेळा टाचा उचलायच्या. दहा! पहिल्या आठवड्यात चारावर माझे डोळे भरून यायचे. मग स्वयंपाकघरापासून बाहेरच्या दारापर्यंत, चौदा पावलं. जूनमध्ये गल्लीत उतरले. काठी हातात, उषाबाई शेजारी, आणि मी मेल्याहून मेल्यासारखी. सगळी गल्ली बघतेय असं वाटायचं. उषाबाई म्हणायच्या, "जल्दी काय हाय ताई? कुनी पाहून न्हाई राह्यलं. बराबर पाय टाका." बघत सगळेच होते गं. पण इस्त्रीवाल्या धर्मराजनं तिसऱ्या दिवशी न बोलता दुकानाबाहेर एक खुर्ची आणून ठेवली, आणि त्या खुर्चीपर्यंत पोचायचंच असं मी ठरवलं. ऑगस्टमध्ये कोपरा गाठला. दिवाळीपर्यंत न थांबता वीस मिनिटं चालायला लागले. हात अजून तसेच वाकडे आहेत, सकाळी दहापर्यंत अंग लाकडासारखं असतं, पण गोळीची पट्टी आता माझी मला फोडता येते.

तेवढ्यासाठीच सुरू केलं होतं, जान्हवी.

घरात टाचा उचलायच्या वेळी बाबा शेजारी उभं राहून मोजतात. पहिल्या महिन्यात बराबर दहाला थांबायचे आणि टाळी वाजवायचे. पावसाळ्यात एकदा सातपर्यंत आले आणि परत चारावर गेले. पुन्हा सात, पुन्हा चार. मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. थट्टा करत नव्हते. कपाळावर घाम होता आणि डोळे भिंतीवर काहीतरी शोधत होते. मी टाचा उचलत राहिले, सतरा-अठरा झाल्या असतील, आणि मग मीच 'दहा!' असं ओरडले. ते एकदम सुटल्यासारखे हसले. त्यानंतर एका सकाळी ते तीनदा मेथी घेऊन आले, तिन्ही वेळा तितक्याच उत्साहानं, "बघ, कशी कोवळी मिळाली." गेल्या महिन्यात अर्धीच दाढी करून बाहेर आले आणि जेवायला बसले. मी पदरानं साबण पुसला. 

आता एप्रिलचं सांगते. गोळ्या मी कधीच माझ्या हातानं घेत नव्हते, तुला ठाऊक आहे. एकोणीस वर्षं त्यांनीच काढून दिल्या, एकदाही चूक नाही. त्या आठवड्यात रोज सकाळी ते तळहातावर ती गोळी घेऊन यायचे. दुसऱ्या दिवशी मी म्हटलं, "अहो, आज रविवार आहे." ते म्हणाले, "शनिवारच आहे, तारा." त्यांचा आवाज इतका ठाम होता, की मला वाटलं माझंच डोकं चालत नाही. तिसऱ्या दिवशीही मी तोंड उघडून घेतली, पाचव्या दिवशीही. आयुष्यभर स्वतःवर विश्वास नाही ठेवला, तो त्या दिवशी कुठून आणू? दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "गोळ्या कोण देतं?" बाबा फाईल छातीशी धरून खाटेच्या पायाशी उभे होते. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर भीती नव्हती, लाज नव्हती. माझ्या उत्तराची वाट तेही बघत होते, डॉक्टरांसारखीच. मी म्हटलं, माझ्याच हातून झालं.

इथपर्यंत मी निभावून नेत होते. गुपचूप गोळ्यांचा डबा तपासायचा, गॅस बघायचा, उषाबाईंना सोबत पाठवायचं. मागच्या गुरुवारी मात्र माझी चूक झाली. बाबांनी अचानक म्हटलं, जांब समर्थला जाऊन येऊ, फक्त आपण दोघं. अकरा वर्षांत पहिल्यांदा मी 'न्हाई' म्हटलं नाही. मला वाटलं, आता मी चालते, मी सांभाळीन. जाताना सगळं छान झालं. देवळात ते तासभर शांत बसले, मला समर्थांच्या गोष्टी सांगितल्या, एकही विसरले नाहीत. परत येताना घनसावंगीच्या स्टँडवर मला बाकावर बसवलं आणि जालन्याची गाडी कधी आहे ते विचारून येतो म्हणाले. एक गाडी गेली, दुसरी गेली. फोन त्यांच्या खिशात. चौकशीच्या खिडकीत माणूस म्हणाला, असं कुणी आलंच नाही.

मी उठले. केळीवाल्याला विचारलं, त्यानं रस्त्याकडे बोट दाखवलं. काठी टेकत गाव मागं टाकलं. दोन्ही बाजूंना डोक्याएवढा ऊस, मधेच कापूस वेचणाऱ्या बाया, आणि समोर सरळ रस्ता. वीस मिनिटं झाली, तीस झाली. गुडघ्यात सुऱ्या फिरत होत्या. अर्पिताचे सगळे नियम मोडत मी चालत होते, आणि प्रत्येक वळणावर वाटत होतं, की कुठंतरी माणसं गोळा झालेली दिसतील. मग पुढं पांढरा सदरा दिसला. चप्पल एका पायात, दुसरी नाहीच. मी हाक मारली. थांबले. मी जवळ गेले, दंडाला धरलं, तर त्यांनी अदबीनं हात सोडवून घेतला आणि म्हणाले, "बाई, तुम्ही कुणाकडच्या?"

मी म्हटलं, अहो, मी तारा.

ते हसले गं. परक्या बाईशी हसावं तसं. म्हणाले, "तारा माझी बायको. ती आजारी असते, तिला न्हाई चालता येत. एकटी आहे घरी, म्हणून तर जल्दी जाऊन राह्यलो." आणि पुन्हा चालू लागले. माझ्यापेक्षा भरभर.

मी त्यांच्या मागं गेले. काय सांगणार होते? मागून एक काळीपिवळी जीप आली. मी रस्त्याच्या मधोमध काठी आडवी धरली, तेव्हा ड्रायव्हर थांबला. त्याला एवढंच म्हटलं, आम्हाला जालन्याच्या स्टँडवर सोडा, ह्यांना बरं नाही. बाबांना सांगितलं, तुमच्या बायकोकडेच जायचंय, तेव्हा ते चढले. माझे पाय तोवर संपले होते. दोन बायांनी ओढून मला सीटवर घेतलं आणि मी तशीच आडवी पडून कण्हत राहिले. तेवढ्यात बाबा जागेवरून उठले, जीपच्या फळीवर उकिडवे बसले, माझी पावलं मांडीवर घेतली आणि अंगठ्यानं घोटे दाबायला लागले. म्हणाले, "तारा, फार दुखतंय का? तू कशाला आलीस बाहेर?"

त्या दिवसापासून मी लाकडासारख्या अंगानंच सकाळी लवकर उठून, ते जागे व्हायच्या आधी चालून येते. त्यांच्यासमोर फारशी उभी राहत नाही. चालले की मी त्यांच्यापासून जाते, आणि बसून राहिले तर तेच जातील, कुठल्या रस्त्यानं ते कळणारही नाही.

पत्र लिहिलं ते यासाठी. अर्पितानं संभाजीनगरच्या मेंदूच्या डॉक्टरांची चार डिसेंबरची वेळ घेऊन दिली आहे. बाबा स्वतःसाठी येणार नाहीत. मला काय झालंय, असं म्हणून दार लावून घेतील. पण मला दाखवायला न्यायचंय म्हटलं, तर पहाटे आंघोळ करून फाईल हातात घेऊन तयार राहतील. म्हणून हे पत्र मिळालं की फोनवर तूच त्यांना सांग, बाबा, आईची तब्येत बिघडतेय, तिला मोठ्या डॉक्टरकडे न्यायला मी येते, तुम्ही सोबत चला. खोटं बोलायला सांगतेय, पण माझ्यासाठी ते कुठंही येतात, आणि त्यांना नेण्यासारखी तेवढीच एक वाट उरली आहे. गोळ्यांचं त्यांना कधीच कळू देऊ नकोस, ते सहन नाही व्हायचं त्यांना. मी किती दिवस दोघांना पुरेन, माहीत नाही. तीन तारखेला ये. आणि दार उघडल्यावर लगेच गळ्यात पडू नकोस. आधी तुझं नाव सांग, मी जान्हवी, पुण्याहून आले. त्यांना ओळखायला लावू नकोस.

तुझीच,
आई