येनची करवती किनार

नागपूर, रविवार

आदरणीय चंद्रभानभाऊंना धाकट्या मेहुण्याचा, म्हणजे ताराचंदचा, वाकून नमस्कार (वाकता येतं आहे तोवर वाकून घ्यावं, असं हल्ली वाटू लागलं आहे). उमरेडला कौशल्यावहिनींचा दमा, तुमचं ब्लडप्रेशर आणि कानातलं यंत्र, तिन्ही आपापल्या जागी असोत. यंत्र जागेवर नसतं म्हणूनच पत्र लिहितो आहे. परवा फोनवर तुम्ही मला तीनदा "कोण गेलं?" असं विचारलंत, आणि मी बापडा येनचा भाव सांगत होतो. (तसं पाहिलं तर गेलेला तोच होता.)

तर हकिगत तुमच्या बहिणीच्या उजव्या गुडघ्याची आहे. तीन वर्षांपूर्वी संक्रांतीला आमची नात दामिनी जपानहून सुटीवर आली होती (तिथे ती पगार घेऊन म्हाताऱ्यांची सेवा करते, इथले दोन म्हातारे फुकट असल्याने त्यांना भाव नाही). जाताना माझ्या हातावर तीन लाख येन ठेवून म्हणाली, "आजोबा, आजीचं ऑपरेशन करून घ्या." तीन लाख ऐकून मी खाटेवर बसलो, आणि एका येनचे बासष्ट पैसे मिळतात हे ऐकून पुन्हा उभा राहिलो. डॉक्टरांनी खर्च एक लाख नव्वद हजार सांगितला होता. म्हणजे चार हजार पदरचे घातले की गुडघा नवा. शहाणा माणूस त्याच दिवशी सीताबर्डीला जाऊन नोटा बदलून आला असता. पण पोरीने मोबाईलवर मला येन आणि रुपयाच्या भावाचा गेल्या तीस वर्षांचा आलेख दाखवला, आणि तिथेच घात झाला.

भाऊ, तुम्हाला ठाऊकच आहे, मी विणकराचा मुलगा. आमचे बाबा मागावर तीन धोट्यांनी साडीची करवती किनार विणायचे. किनारीचा एक दात वर, एक खाली, पुन्हा वर. खाली गेलेला दात मागच्याच उंचीवर परत आला नाही तर व्यापारी साडी बाबांच्या अंगावर फेकायचा. आणि इथे त्या काचेवर तीच किनार! २०१२ साली येन सत्तर पैशांवर, मग घसरत पन्नासच्या जवळ, २०२० साली परत सत्तर. मला बाबांच्या मागाचा खटखट आवाज ऐकू आला. म्हटलं, एवढं मोठं जपान, त्यांना आमच्या इतवारीच्या व्यापाऱ्याइतकीही दात सारखे ठेवायची चाड नसेल काय? शिवाय सहावीत रामाजी गुरुजींनी आम्हाला भरती-ओहोटीची एक कविता शिकवली होती. समुद्र आम्ही कुणी पाहिलेला नव्हता (गुरुजींनीही नव्हता), पण अख्खा वर्ग बाकावर डोलायचा. ओहोटीनंतर भरती येतेच, हे मी तिथे तोंडपाठ केलं. तोंडपाठ केलेली गोष्ट खोटी निघेल, अशी शंका त्या वयात येत नाही, आणि नंतर येऊन उपयोग नसतो. मी आलेखाची प्रत काढून आणली, कॅलेंडरशेजारी चिकटवली आणि ठरवलं, सत्तर झाल्याशिवाय येन हलवायचा नाही.

येन हलला. खाली. साठ, अठ्ठावन्न, छप्पन, आणि गेल्याच्या गेल्या वर्षी पावसाळ्यात बावन्न. रोज सकाळी मी बर्डीवरच्या नोटा बदलून देणाऱ्या दुकानात जायचो. तिथली काजल नावाची मुलगी मला पाहताच पाणी पुढे करायची, जसं शोकाच्या घरी करतात. एकदा म्हणाली, "आजोबा, तुम्ही रोज बसनं येता, त्याच्यातच अर्धा गुडघा गेला ना!" घरी तर विचारूच नका. "काहून जी," तुमची बहीण म्हणते, "तुमचा येन जपानातून पायी येऊन राहिला का? त्याचेबी गुडघे गेले वाटते!" तिला जिना चढवत नाही, म्हणून ती खालच्या पायरीवर बसून भाजी निवडते आणि वरच्या मजल्यावरच्या मला तिथूनच बोलते. त्या दुःखात मी दोन ओळी केल्या:

येन म्हणे मी दूर देशिचा, मला कशाची घाई;
जिन्याखाली बसून बघते वाट आमची बाई.

(ऐकून बाई म्हणाली, "कविता ठेवा, तेलाची शिशी द्या.")

आता भाव सत्तावन्न आहे आणि ऑपरेशनचा खर्च दोन लाख तीस हजार. फक्त डॉक्टरांची किनार वर जाते, आमची नाही. दामिनीला मी आधी पितृपक्ष सांगितला, मग उन्हाळा, मग डॉक्टर गावाला गेलेत असं. ती या आठवड्यात येते आहे. तिने परस्पर तारीखही घेतली: येत्या नव्हे, त्याच्या पुढच्या मंगळवारी. मी तिला कसं तोंड दाखवू?

आपला,
ताराचंद

ता. क. तुम्ही पैशांची जुळवाजुळव करायला लागाल म्हणून सांगतो, पैसे नकोत. कमी पडतील तेवढे दामिनी घालते आहे. म्हणाली, "आजोबा, तुम्ही फक्त सही करा."

दुसरा ता. क. वर लिहिलं ते सगळं खरं आहे, पण पूर्ण नाही. मागच्या वर्षी येन साठावर आला होता. काजलने नोटा मोजायला हात पुढे केला आणि मी पाकीट खिशात घालून परत आलो. सत्तर झाला असता तर मी ऐंशीची वाट पाहिली असती. पहिल्याच दिवशी डॉक्टरांनी एक कागद वाचून दाखवला होता. रुग्णाचं वय अडुसष्ट, भूल, हृदय, काही बरंवाईट झाल्यास. खाली नातेवाइकाच्या सहीची रेघ. त्या रेघेवर माझा हात चालत नाही, भाऊ. पन्नास वर्षं झाली तिला या घरात. त्या मंगळवारी सकाळी आठाला या, आणि सही तुम्ही करा. तुम्ही सख्खे भाऊ आहात, चालतं म्हणे.

तिसरा ता. क. तुमचा पिनकोड विचारायला खाली गेलो होतो. पत्रात काय आहे ते सांगितलेलं नाही, वाचून दाखवलेलं नाही. तरी पायरीवरून म्हणाली, "दादाले लिवा, आपरेशन माह्यं हाये, पण मले नाही, तुमाले धरून बसा लागन."